मागचा माणूस

उंटाने दार उघडलं नाही, दार घेऊनच तो आत गेला. वरची बिजागरी चौकटीतून उपटून निघाली, खालची तेवढी लोंबत राहिली, आणि ‘वैद्यकीय बोर्ड – नाव पुकारल्याशिवाय आत येऊ नये’ ही पाटी फरशीवर पडून कोणाच्या तरी बुटाखाली गेली. आत टेबलामागे चष्मेवाला डॉक्टर पेनाचं टोपण काढत होता. त्याला मान वर करायलाही सवड मिळाली नाही. उंटाने टेबलावरून हात घालून त्याची कॉलर धरली, खुर्चीसकट त्याला भिंतीवर नेऊन आदळलं आणि कोपराखाली त्याचा गळा दाबून धरला. हाड मोडल्याचा आवाज बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू गेला. ते गळ्याचं नव्हतं, खांद्याजवळचं आडवं हाड होतं, पण हे सगळं नंतर कळलं. बाजूचा कारकून मध्ये पडायला उठला. उंटाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोकळ्या हाताची मूठ त्याने नुसती मागे फिरवली आणि कारकून नाक धरून खाली बसला. त्याच्या बोटांतून रक्त फायलींवर ठिबकायला लागलं.

शिंक यायला लागतो तेवढा वेळ या सगळ्याला लागला असेल.

आणि दारावरचा गार्ड कुठे होता? तो आतच होता. उजव्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, गुडघे थोडे वाकवून, दोन्ही हात छातीसमोर धरून, हातात बंदूक असावी तसा. त्याला तिथे कोणी पाठवलं नव्हतं. उंट शिरला तसे त्याचेही पाय मागोमाग शिरले होते. डावा कोपरा उंटाचा, उजवा आपला, हे त्या पायांना पाठ होतं. अंगात सिक्युरिटी कंपनीचा निळा युनिफॉर्म, छातीवर बिल्ला, कमरेला काठी, आणि डोकं मात्र अकरा वर्षं मागे गेलेलं. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर दिसलं तेव्हा तो भानावर आला.

आता काय करायचं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. उंटाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळवा टेकवायचा. बस. पण बाहेर लोक ओरडत होते, कोणीतरी “गार्ड, गार्ड” अशा हाका मारत होतं, आणि गार्ड म्हणजे आपणच हे त्याच्या लक्षात आलं. त्याने काठी काढली आणि उंटाच्या हातावर घातली. पहिल्या फटक्याने हात सुटला नाही. दुसऱ्याने मनगट मोडलं. तिसरा गुडघ्याच्या मागे बसला तेव्हा उंट खाली आला. त्याने मान वळवून वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

“शेपट्या, तू?” एवढंच तो म्हणाला.

चौथा फटका मारायची काही एक गरज नव्हती. शेपट्याने तो मारला.

नावं ठेवणं हा पलटणीतल्या लोकांचा आवडता उद्योग असतो. उंट साडेसहा फूट उंच, प्रत्येक चौकटीत वाकून शिरणारा, म्हणून उंट. आणि शेपट्या चार वर्षं कायम त्याच्या मागे, जेवणाच्या रांगेत मागे, संडासाच्या रांगेत मागे, म्हणून शेपट्या. एवढा उंच माणूस सगळ्यांत पुढे कशाला ठेवलाय असं कोणी विचारलं की त्यांचा हवालदार म्हणायचा, दार उघडलं नाही तर चौकटीसकट जाईल ना तो, म्हणून.

त्यांचं काम घरांची झडती घ्यायचं होतं. ज्या घरात शत्रू लपलाय असं वरून कळायचं, त्या घरात शिरायचं. चार माणसं दाराबाहेर भिंतीला लागून उभी राहायची, एकाची छाती दुसऱ्याच्या पाठीला चिकटलेली. बोलायचं नाही. सगळ्यांत मागचा आपल्या पुढच्याचा खांदा दाबायचा, तो त्याच्या पुढच्याचा, आणि दाब पहिल्याच्या खांद्यावर आला की पहिला आत. अंगठा मागच्या हाडावर, चार बोटं पुढे, एकच घट्ट दाब. नुसतं थोपटलं तर त्याचा अर्थ ‘थांब’. हे कुठल्याही पुस्तकात छापलेलं नव्हतं. ते हवालदाराने स्वतःच्या डोक्याने बसवलं होतं आणि चार महिने, दिवसातून शंभर वेळा, वेताच्या छडीने त्यांच्या अंगात उतरवलं होतं. दाब आला आणि पहिला अर्धा क्षण जरी दारात घुटमळला, तरी पोटरीवर छडी.

“विचार करणारा दारातच मरतो,” हवालदार सांगायचा, “आणि दारात मेलेला मागच्या तिघांची वाट अडवतो. पुढच्याने विचार करायचा नाही. विचार मागच्याने करायचा.”

म्हणून दुसरा नियम होता. आत गेलेला पहिला जो समोर दिसेल त्याला भिंतीला दाबून धरणार, आणि मागून आलेल्या दुसऱ्याचा हात पाठीवर पडेपर्यंत सोडणार नाही. गरज आहे की नाही, माणूस कोण आहे, हे दुसऱ्याने बघायचं. पुढच्याचा हात मागच्याने सोडवायचा. उंटाचा हात सोडवायचं काम शेपट्याचं होतं.

एकदाच उशीर झाला. वरून सांगितलं होतं, खोलीत दोन हत्यारबंद माणसं आहेत, तिसरं कोणी नाही. खोलीत एक माणूस शर्टाला इस्त्री करत होता. उंटाने त्याला भिंतीला लावलं. मागून शिरताना शेपट्याचा पाय इस्त्रीच्या वायरीत अडकला आणि तो तोंडावर आपटला. उठून उंटाच्या पाठीवर हात ठेवायला त्याला दहा आकडे मोजण्याएवढा वेळ लागला असेल. तोवर त्या माणसाच्या टाचा फरशीवर आपटायच्या थांबल्या होत्या. टेबलावर उपडी पडलेली इस्त्री शर्टातून खालच्या चादरीत उतरली होती आणि खोलीभर जळक्या कापडाचा धूर झाला होता. संध्याकाळी वरून निरोप आला, माहितीत चूक होती, पुढचं घर घ्या.

पुढचं घर त्यांनी घेतलं. न घेऊन सांगतात कोणाला.

नोकरी संपल्यावर उंट घरी आला तो असा, की वहिनींना इस्त्री देऊन टाकावी लागली. उंटाची बायको म्हणजे शेपट्याच्या वहिनी. मुलं चुरगळलेल्या कपड्यांत शाळेत जायची आणि बाईंची बोलणी खायची, पण घरात इस्त्री नाही. शेजाऱ्यांकडून कधी करपलेल्या कापडाचा वास आला तर उंट उठून भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि मग त्याच्या जवळ जायचं नाही, हे धाकटीलासुद्धा माहीत होतं. फौजी इस्पितळात अशा माणसांसाठी वेगळा वॉर्ड होता. तिथे दाखल व्हायचं तर बोर्डाने लिहून द्यायला हवं, की हा आजार सेवेमुळे जडला. बोर्डाने दोनदा लिहून दिलं, की आजार आहे, मात्र सेवेमुळे झाल्याचा पुरावा नाही. दोन अर्जांत अकरा वर्षं गेली. ज्या सरकारने त्याला कुठल्या दारातून आत जायचं ते तारीख-वेळेसकट सांगितलं होतं, त्याच सरकारला तो आत गेल्याचा पुरावा हवा होता. याचा राग यायला माणूस फौजीच असायला हवा असं काही नाही.

तिसऱ्या अर्जाचा दिवस तो. शेपट्या त्या ऑफिसात तीन वर्षं दारावर होता. माजी सैनिकांच्या ऑफिसात माजी सैनिकच गार्ड ठेवायचे, कंत्राटावर, म्हणजे आरडाओरडा करणाऱ्यांना त्यांच्याच माणसांनी बाहेर काढलेलं बरं दिसतं. सकाळपासून उंट दाराबाहेरच्या अरुंद बोळात भिंतीला लागून उभा होता. बाकावर बसायला तयार नव्हता. अडीचला नाव पुकारलं. उंट दारासमोर गेला आणि थिजला. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारून आला नाही तर गैरहजर लावतात आणि पुन्हा दोन-तीन वर्षांची निश्चिंती, हे शेपट्याला रोज बघून पाठ झालं होतं. तो मागे जाऊन उभा राहिला. धीर द्यायला म्हणून त्याने उंटाच्या खांद्यावर हात ठेवला, जा रे, मी आहे, असं सांगायला. अंगठ्याने आपलं आपण हाड शोधलं आणि बोटांनी दाबलं.

चौथ्या दिवशी शेपट्या इस्पितळात गेला. उंटाचा धड हात बेडीने पलंगाला अडकवला होता, दुसरा प्लॅस्टरमध्ये होता, आणि दारात पोलीस पेपर वाचत होता. उंट औषधाने गुंगलेला होता. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी शेपट्याला बसायला जागा करून दिली, हे त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं.

“भाऊजी, एक विचारू?” त्या म्हणाल्या. “हे पोलिसांना सांगत होते, शेपट्याने दाबलं म्हणून मी गेलो. पोलीस हसले. खरं आहे का?”

शेपट्याने होय म्हणून मान हलवली.

“सविस्तर सांगा मला.”

त्याने सांगितलं. रांग, खांदा, पाठीवरचा हात, इस्त्रीवाला माणूस, सगळं. वहिनी अकरा वर्षं ज्याच्याशी झगडत होत्या त्याचं नाव-गाव त्यांना त्या बाकावर पहिल्यांदा कळलं. त्या रडल्या नाहीत.

“मघाशी शुद्धीवर आले तेव्हा मला विचारत होते,” त्या म्हणाल्या, “की पाठीवर हात का नाही आला. मला काय विचारतायत तेच कळेना. आता कळलं.”

शेपट्याने खाली बघितलं.

“चौकशी आहे बारा तारखेला. विनाकारण मारलं असं ठरलं तर तुरुंग, आणि फौजी इस्पितळाचं दार कायमचं बंद. आजारामुळे ठरलं तर वॉर्ड. जे मला सांगितलंत तेच तिथे सांगा. मी तुम्हाला दुसरं काही मागत नाही.”

दुसरं काही मागितलं असतं तर परवडलं असतं. कारण त्याच दिवशी सकाळी कंपनीचा सुपरवायझर एक टाइप केलेला कागद घेऊन घरी आला होता. सदर इसमाने अचानक, कोणत्याही कारणाशिवाय हल्ला केला व गार्डने प्रसंगावधान राखून त्यास आवर घातला. खाली सही. “तुझं कौतुकच आहे यात,” सुपरवायझर म्हणाला होता, आणि शेपट्याने सही केली होती. ज्याच्या डोक्यात असलं काही आहे त्याला कंपनी एक दिवस ठेवत नाही, हे सगळ्या गार्डांना ठाऊक होतं. म्हणून अकरा वर्षांत त्याने स्वतःसाठी कुठलाही अर्ज केला नव्हता. त्याची बायको मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येताना दर वेळी खोकायची, मागून कधी हात लावायची नाही, आणि त्याला पाठमोरं बसू द्यायची नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिची दोन बोटं मोडली होती. दारात चिमटली असं तिने माहेरी सांगितलं.

“सांगणार आहेस ना?” तिने चौकशीच्या आदल्या दिवशी खोकून विचारलं.

“नोकरी जाईल.”

“मी ते विचारलं नाही.”

बारा तारखेला मुख्य ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर लांब टेबल मांडलं होतं. झाकण घातलेले पाण्याचे ग्लास, टेबलामागे तिघं. मध्ये समितीचे अध्यक्ष, मिश्या काळ्या केलेले. उजवीकडे खात्याचा वकील, तरुण, हसतमुख. डावीकडे वैद्यकीय अधिकारी मॅडम, ज्या कागदांतून मान वर करत नव्हत्या. कोपऱ्यात टायपिस्ट. भिंतीजवळ नातेवाईक म्हणून वहिनी आणि दाराशी सुपरवायझर. बाजूच्या भिंतीत प्लायवूडचं दार होतं, वर धुरकट काच, काचेवर ‘रेकॉर्ड’.

“आपलं लेखी निवेदन आमच्यापुढे आहे,” अध्यक्ष म्हणाले. “अचानक, कारणाशिवाय. बरोबर?”

“नाही साहेब. खोटं आहे ते. सही माझी आहे.”

सुपरवायझरने घसा खाकरला. शेपट्या थांबला नाही. थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही हे त्याला माहीत होतं. त्याने उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःच्या खांद्यावर अंगठा ठेवून दाखवला, मग हात मागे नेऊन पाठीवरची जागा दाखवली. “इथे हात ठेवला असता तर त्याने डॉक्टरसाहेबांना त्याच क्षणी सोडलं असतं. मी काठी मारली. त्याचा गुन्हा असेल तर त्यातला अर्धा माझा आहे.”

टायपिस्टची बोटं थांबली. वकील हसला.

“म्हणजे तुम्ही खांद्याला हात लावलात म्हणून त्याने एकाचं हाड मोडलं आणि एकाचं नाक?”

“लावला नाही. दाबला.”

“हे कुठे लिहिलंय? प्रशिक्षणाच्या पुस्तकात? आदेशात?”

“कुठेच नाही. अंगात आहे.”

“अंगात काय आहे ते समितीला कसं दिसणार?” वकील अध्यक्षांकडे बघून म्हणाला. “उद्या कोणीही येईल आणि म्हणेल, मला चिमटा काढला म्हणून मी खून केला.”

मॅडमनी पहिल्यांदा मान वर केली. “प्रशिक्षण दोघांचं एकच. मग तुम्हालाही असं व्हायला हवं. होतं का?”

“माहीत नाही, मॅडम. अकरा वर्षांत मला कोणी दाबलं नाही.”

“मग बघूच की,” वकील खुर्ची मागे सारत म्हणाला. तो गंमतच करत होता. पण अध्यक्षांनी त्याला थांबवलं नाही, उलट घड्याळाकडे बघून हात हलवला, काय ते उरका असा.

नाही म्हणावं असं शेपट्याला फार वाटलं. नाही म्हटलं तर ‘चाचणीस नकार’ असं लिहितील, आणि उंटाच्या मनगटातली बेडी तशीच राहील. त्याने भिंतीजवळ बसलेल्या वहिनींकडे बघितलं आणि मग त्या दाराकडे.

“आत कोण आहे?”

“कोणी नाही. जुन्या फायली आहेत,” अध्यक्ष म्हणाले.

“एकदा उघडून बघा, साहेब.”

“अहो, आमचं ऑफिस आम्हाला माहीत आहे.”

हा सूर त्याच्या ओळखीचा होता. ज्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही तिच्याबद्दल इतक्या खात्रीने बोलणारी माणसं त्याने फौजेत पोटभर ऐकली होती. तिथेच त्याने पाय मागे घ्यायला हवा होता. पण आपल्याला काहीच होणार नाही, निदान आपण स्वतःला आवरू, अशीही एक आशा त्याला होती, आणि ती आशा त्याला स्वतःबद्दलच होती, उंटाबद्दल नव्हती, याची त्याला लाज वाटली.

“मी आत गेलो तर कोणीतरी एकाने लगेच मागून यायचं,” तो म्हणाला. “पाठीवर हात ठेवायचा. मघाशी दाखवलं तिथे. मी सोडेन. त्याशिवाय सोडणार नाही. कोण येणार?”

“मीच दाबतो, मीच येतो,” वकील म्हणाला.

“नक्की?”

“नक्की, अहो.”

शेपट्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. छाती दारापासून हातभर. वकिलाने मागून येऊन त्याचा खांदा दोनदा थोपटला. काही झालं नाही. मागे कोणीतरी हसलं, अध्यक्षच असावेत, आणि सुपरवायझरने सुटकेचा श्वास सोडला.

“थोपटू नका,” शेपट्या म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “दाबा. अंगठा हाडावर.”

वकिलाने दाबलं.

पुढचं शेपट्याने केलं नाही, ते झालं. काच फुटली, प्लायवूड फाटलं, कोपरापासून मनगटापर्यंत हात चिरत गेला आणि तो डाव्या कोपऱ्यात होता, आणि कोपऱ्यात माणूस होता. रेकॉर्ड सांभाळणारा म्हातारा, उपड्या खोक्यावर बसून मांडीवर डबा घेऊन जेवत असलेला. डबा उडाला, झाकण गडगडत गेलं. शेपट्याने त्याला भिंतीला लावलं आणि कोपर त्याच्या गळ्यावर रोवलं. म्हाताऱ्याचे डोळे बाहेर आले. त्याच्या टाचा फायलींच्या गठ्ठ्यांवर आपटायला लागल्या. फायली घसरून खाली आल्या आणि टाचा आपटतच राहिल्या.

आणि शेपट्याला सगळं दिसत होतं, हे सगळ्यांत वाईट. हा म्हातारा आहे, याच्या मिशीत घास अडकलाय, याच्याकडे हत्यार नाही, चमचा आहे. सोड, असं त्याने हाताला सांगितलं. हात ऐकेना. हाताला त्याचं ऐकायला कोणी शिकवलंच नव्हतं. तो हात मागच्याची वाट बघत होता.

मागे ग्लास पडून फुटला. खुर्ची सरकली. बुटांचा आवाज आला, पण तो जवळ येत नव्हता, लांब जात होता, दाराकडे, बोळाकडे. मग अध्यक्षांचा आवाज आला. “गार्ड,” ते ओरडत होते. “अरे, गार्डला बोलवा कोणीतरी.”

शेपट्या मनात आकडे मोजायला लागला. इस्त्रीवाल्याच्या वेळी दहा झाले होते. तीन. चार. म्हाताऱ्याचे ओठ निळे व्हायला लागले. पाच. ये ना, तो म्हणत होता, ओरडत होता बहुतेक, या ना कोणीतरी. सहा. टाचा सावकाश आपटायला लागल्या. सात.

आठ म्हणायच्या आत त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधोमध, एक तळवा टेकला. लहानसा आणि गरम.

“भाऊजी, आले मी. सोडा.”

हात सुटला. म्हातारा भिंतीला घासत खाली बसला, खोकला, पुन्हा खोकला, आणि कण्हत श्वास घ्यायला लागला. शेपट्याही खाली बसला. त्याच्या हातातून रक्त फायलींवर वाहत होतं. वहिनींनी त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही. त्या त्याच्या मागे गुडघ्यांवर बसल्या, आणि मोडक्या दारातून त्यांनी बाहेर बघितलं. मॅडम तोंडावर हात धरून उभ्या होत्या. अध्यक्ष टेबलाच्या पलीकडे भिंतीला चिकटले होते. वकील बोळात होता, त्याचं एक पाऊल तेवढं उंबऱ्याच्या आत दिसत होतं.

“हात कुठे ठेवायचा ते भाऊजींनी आधीच सांगितलं होतं,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. “तुम्ही तिघंही ऐकत होतात.”

म्हातारा चाचपडत आपल्या डब्याचं झाकण शोधत होता.

“ताई,” वहिनी टायपिस्टला म्हणाल्या, “मागून कोण आलं आणि कोण नाही आलं, तेही लिहून घ्या.”

टायपिस्टने अध्यक्षांकडे बघितलं नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि टाइप करायला घेतलं.